पायाच्या मापाचा क्लच

आमच्या घरी स्पोर्ट्स कार आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग पायातल्या चपलांकडे, आणि मग हसतो. तसा तो बरोबरच हसतो. गाडी माझी नाहीच, बायकोची आहे. दोनच माणसांची, छत उघडणारी, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी जपानी गाडी. परदेशातून परतलेल्या कुणीतरी ती हौसेनं सोबत आणली होती आणि हौस फिटल्यावर इंदूरच्या एका गॅरेजात धूळ खायला सोडून दिली होती. बायकोनं ती तिथे पाहिली. शाळेतून निवृत्त होताना तुला काय हवं म्हणून मी विचारलं, तेव्हा मला वाटलं बांगड्या म्हणेल, नाहीतर दक्षिणेची यात्रा. ती म्हणाली, "ती लाल गाडी." मी हसलो, आणि मग लक्षात आलं की ती हसत नाहीये.

मी देवासच्या एका कारखान्यात गिअर आणि क्लच तपासायचो. माझे वडील नोकरीसाठी सोलापूरकडून इथे आले, त्यांच्यामागून मीही त्याच वसाहतीत शिरलो, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा पगार घेतला. घरी आलो तरी ती सवय सुटायची नाही. भाजीत मीठ, भिंतीला रंग, शेजाऱ्याचा मुलगा, सगळं मी मापूनच घ्यायचो. बायको बरोबर उलटी. ती धारची. तिचे पूर्वज संस्थानात कारभारी होते, आणि संस्थान गेलं तरी त्या घरातला एक नियम गेला नाही. कुणी काही आणलं तर त्याला नावं ठेवायची नाहीत आणि कुणाला खोदून काही विचारायचं नाही. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. मी लग्नानंतर तिला काय काय रंगांच्या साड्या आणल्या ते आठवलं की आता माझाच जीव घाबरा होतो. प्रत्येक साडीला ती "छान आहे" म्हणाली आणि प्रत्येक साडी ती निदान एका लग्नात तरी नेसली.

गाडी आल्यापासून दर दुसऱ्या रविवारी आम्ही धारला जायचो. तिथे तिची आई एकटी राहते. बायको गाडी चालवायची, मी शेजारी गुडघे छातीशी घेऊन बसायचो आणि ब्रेक उशिरा मारलास, गिअर लवकर टाकलास, असं देवासपासून धारपर्यंत बडबडत राहायचो. ती ऐकून घ्यायची. मधेच छत उघडायची, म्हणजे वाऱ्यात माझं बोलणं तिला ऐकू येत नसे.

या वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा बायपासवर गाडीनं दगा दिला. इंजिन ओरडत होतं, पण गाडी पुढे सरकेना. जळका वास सुटला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मी खाली उतरून गाडी कडेला ढकलली आणि तोंड भरून शिव्या दिल्या, कुणाला ते मलाही माहीत नाही. गाडी दोरीनं ओढत आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे आणली.

मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला आणि मला हाक मारली. "भिया, इधर आके देखो. ये तो पूरी भुन गी हे."

इंजिनच्या टोकाला एक जड लोखंडी चकती फिरत असते, तिला फ्लायव्हील म्हणतात. क्लचची प्लेट तिच्यावर दाबून बसते म्हणून इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचते. पेडल दाबलं की प्लेट सुटते, सोडलं की पुन्हा बसते. ते फ्लायव्हील मी हातात घेतलं. सगळीकडे निळे डाग पडले होते आणि मधे बारीक तडे गेले होते. माझं सगळं आयुष्य असे डाग बघण्यात गेलंय. जोरात गाडी पळवणाऱ्याचे डाग असे नसतात. पाय पेडलवर अर्धवट ठेवूनच कुणीतरी दर वेळी गाडी चालवली होती. प्लेट ना धड सुटलेली, ना धड बसलेली, नुसती घासत राहिलेली.

मला तर आयतीच खोट सापडली. घरी येईपर्यंत धीर धरवेना. बायको मेथी निवडत बसली होती. म्हटलं, "काय गं, पेडलवर पाय ठेवून झोपा काढतेस का? फ्लायव्हील जाळून ठेवलंस. नव्यानं शिकणारीसुद्धा असं करत नाही. गिअर टाकला की पाय उचलायचा असतो."

तिनं मेथीची काडी खाली ठेवली. "मी उचलते हो," ती म्हणाली. "तो उठत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं साडी थोडी वर करून डावा पाय दाखवला. पोटरी उजव्या पायापेक्षा बारीक दिसत होती. चप्पल पायातून निसटते म्हणून तिनं कधीपासून मागे पट्टा असलेल्या चपला घ्यायला सुरुवात केली होती. मी, गिअरचा दात केसभर कमी असला तरी ओळखणारा माणूस, रोज तिच्या शेजारी बसत होतो.

मग इंदूरचे डॉक्टर, तपासण्या, सुया. मेंदूचा हुकूम पायापर्यंत नेणाऱ्या नसाच झिजत चालल्यात, असं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. सुरुवात डाव्या पायापासून झाली आहे, पुढे वाढत जाईल. औषध आहे, पण ते आजार थांबवत नाही, त्याची चाल थोडी मंद करतं. मी म्हटलं, "म्हणजे किती मंद?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि औषधाच्या वेळा सांगायला सुरुवात केली. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "इथे कचोरी चांगली मिळते, खायची का?" आम्ही उभ्या उभ्या कचोरी खाल्ली. ती कशी होती ते मला आठवत नाही.

गाडी आता विकून टाकू, असं मी म्हटलं. मुलीनं बंगळूरहून फोन करून सांगितलं की क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्या. बायको दोघांनाही नाही म्हणाली. ती कशालाच नाही म्हणत नसे, म्हणून मी ऐकत राहिलो. ती म्हणाली, "आईला हे कळता कामा नये. तिचं आता वय राहिलं नाही हे झेलण्याचं. मी गाडी चालवत फाटकाशी येऊन उतरले की माझं सगळं ठीक आहे असं ती समजते. उद्या तुम्ही चालवत आलात किंवा दुसरीच गाडी आली, तर ती विचारणार नाही. पण एकटी विचार करत बसेल. जमेल तेवढे दिवस मला हीच गाडी चालवू द्या. काय करायचं ते तुम्ही करा, तुम्हाला त्यातलं कळतं."

बायकोनं माझ्याकडे मागितलेली ही आयुष्यातली दुसरी गोष्ट होती.

गाडीच्या मूळ कंपनीनं त्या मॉडेलचे भाग बनवणं कधीच बंद केलं होतं. बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात, पण ते घेणारे सगळे शर्यतीचे शौकीन. इंदूरला अशा गाड्यांचं सामान मागवून देणारं एक दुकान आहे. दुकानाचा मालक माझ्या मुलीच्या वयाचा, उत्साहानं नुसता उसळत होता. एक फ्लायव्हील त्यानं दोन बोटांवर उचलून दाखवलं. "अंकल, ये डलवाओ. एकदम हल्का. गाडी उड़ेगी आपकी."

"उडवायची नाहीये," मी म्हटलं. "मुझे सबसे भारी वाला बताओ."

तो हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला काही कळत नाही. पण मला त्यातलंच कळत होतं. हलकं फ्लायव्हील इंजिनला चटकन पळू देतं, आणि पाय जरा चुकला की तितक्याच चटकन बंद पडू देतं. जड फ्लायव्हील सावकाश फिरतं, सावकाश थांबतं. उभ्या गाडीला हलवताना पाय थरथरला, उशिरा उठला, तरी ते सांभाळून घेतं. प्लेटचंही तसंच. शर्यतीची प्लेट एकदम पकड घेते, गाडी धक्क्यानं सुटते, पायानं नेमकं काम करावं लागतं. साधी प्लेट हळूहळू धरते. आणि प्लेट दाबून धरणारी स्प्रिंग जितकी कडक, तितकं पेडल पायाला जड. दुकानातली प्रत्येक वस्तू 'जास्त ताकदीची' होती. मला सगळ्यांत कमी ताकदीची हवी होती. इंजिनला पुरेल आणि पायाला झेपेल अशी.

"किसके लिए चाहिए?" त्यानं शेवटी विचारलं. मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो. त्यानं आदरानं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि कुठून कुठून शोधून जड फ्लायव्हील, साधी प्लेट आणि मऊ स्प्रिंगचे तीन वेगवेगळे प्रकार यादीतून काढून दाखवले. त्यातला कुठला, ते मला ठरवायचं होतं.

आणि इथे अडलं. बायकोला विचारून काही उपयोग नव्हता. ओळखीच्या तीन गाड्यांची पेडलं मी तिला दाबून बघायला लावली. एक लोण्यासारखं होतं, एक मध्यम, एक इतकं कडक की माझाही पाय भरून यावा. "हे छान आहे," "हेही छान आहे," "जमेल की हो." पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. मी चिडलो. म्हटलं, "इथे तरी खरं बोल!" ती म्हणाली, "तुम्ही एवढं हिंडताय माझ्यासाठी. मी काय नावं ठेवू?"

मग मी कारखान्यातल्यासारखंच करायचं ठरवलं. घरातला वजनकाटा भिंतीला उभा टेकवला, बायकोला त्याच्यासमोर खुर्चीत बसवलं, गाडीत बसते तशी, आणि सांगितलं की डाव्या पायानं काटा दाब. रविवारची सकाळ होती, चहा झाला होता, तिची झोपही छान झाली होती. तिनं पदर खोचला आणि दाबलं. काटा हलला आणि थरथरत एका जागी थांबला.

"पास की रिजेक्ट?" तिनं विचारलं.

"पास," मी म्हटलं.

"बघा हं. तुम्ही कुणालाच एवढ्या लवकर पास करत नाही."

काट्यावर जे वजन दिसलं त्यात थोडी सूट धरून मी सर्वांत मऊ स्प्रिंग निवडली आणि सामान मागवलं. पेडलच्या दांड्याचा टेकूही थोडा सरकवून घेतला, म्हणजे पेडल जास्त खाली जाईल पण जोर कमी लागेल. कागदावर सगळं चोख होतं. पण एक गोष्ट मी केली नाही. कारखान्यात एकदा दाबून कुठलाच क्लच पास करत नाहीत. यंत्रावर चढवून त्याला पुन्हा पुन्हा दाबतात, थकेपर्यंत दाबतात, आणि मग बघतात काय उरलंय. हे मला पाठ आहे, नव्या मुलांना मीच शिकवायचो. तिच्या पायाला मी पुन्हा दाबायला सांगितलं नाही. काटा दुसऱ्या वेळी कमी दाखवील, तिसऱ्या वेळी आणखी कमी, याची मला भीती वाटत होती. आणि मला ते बघायचं नव्हतं.

सामान यायला पावसाळा संपला. तोवर गाडी दुरुस्तीला दिली आहे असं फोनवर सांगून बायकोनं धारला जाणं टाळलं. मिस्त्रीनं ते बसवलं, मी त्याच्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक बोल्ट तपासला, त्याच्या नाकी नऊ आणले. "भिया, घर जाओ थोड़ी देर," असं तो हात जोडून म्हणाला. संध्याकाळी बायको गाडीत बसली. पेडल दाबलं. गाडी जराही न अडखळता, पाळणा हलावा तशी हलली.

"हलकं आहे," ती म्हणाली. "खरंच हलकं आहे हो. मनापासून सांगते."

तिनं वसाहतीला दोन फेऱ्या मारल्या, छत उघडं टाकून. ओट्यावर बसलेली रिटायर मंडळी हात हलवत होती. मी फाटकाशी उभा होतो. नोकरीत इतकी वर्षं गेली, पण एखादी वस्तू बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मला वाटलं, मी जिंकलो. कुणाशी जिंकलो ते मात्र तेव्हा मनात आणलं नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही धारला निघालो. इंदूरचा बायपास मोकळा होता. बायको गुणगुणत होती. बेटमा मागे पडलं तोवर मी ब्रेकबद्दल दोनदा टोकलंसुद्धा, इतका मी निर्धास्त होतो. सोयाबीन निघायचे दिवस. घाटाबिल्लोदच्या अलीकडे सोयाबीनच्या ट्रॉल्या, पिथमपूरकडून आलेले ट्रक आणि दोन्ही बाजूंनी घुसलेल्या मोटरसायकली असा सगळा गुंता झाला होता. गाडी हातभर पुढे जायची, थांबायची. पुन्हा हातभर. दर वेळी क्लच.

आधी मला तिचा श्वास ऐकू आला. मग दिसलं. गिअर टाकून झाला की तिचा डावा हात गिअरवरून निघून गुडघ्यावर जायचा. पेडल दाबायचं असलं की ती हातानं गुडघा खाली लोटायची, आणि सोडायचं असलं की साडीसकट गुडघा धरून वर उचलायची. ओझं उचलावं तसा. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती समोर बघत होती. पुढचा ट्रक हलला. तिनं हातानं पाय दाबला, गिअर टाकायला हात काढला, आणि पाय पेडलवरून सरळ घसरला. गाडीनं एक गचका दिला. जड फ्लायव्हीलनं सांभाळायचा प्रयत्न केला, तो मला बुडाखाली कळला. मग इंजिन बंद पडलं.

मागून हॉर्न सुरू झाले. ती दोन्ही हात चाकावर ठेवून बसली होती.

"जड आहे," ती म्हणाली.

मी हात लांबवून हँडब्रेक ओढला.

"तुम्ही एवढं हलकं करून आणलंत. पण मला जड आहे. मला हे नको आता."

मी आणलेल्या वस्तूला तिनं नको म्हटलेलं ते पहिल्यांदा. आणि ते खरं होतं. मी दाराला हात घातला, मला ते उघडेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि कडी कुठे आहे तेच दिसत नव्हतं. कसाबसा उतरलो. तिला धरून उतरवलं, वळसा घालून डाव्या बाजूला बसवलं. एक ट्रकवाला ओरडला, "ओ अंकल, आंटी को सिखा लो पहले!" मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. बायकोनं माझी बाही धरली.

बाकीचा रस्ता मी चालवला. पेडल माझ्या पायाखाली इतकं मऊ होतं की दाबल्यासारखं वाटतच नव्हतं. मला त्याची लाज वाटत होती.

तिच्या आईच्या घराकडे जाणारा रस्ता उताराचा आहे. वरच्या वळणावर ती म्हणाली, "थांबा. मला तिकडे बसवा." मला कळलं. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमधून काढली, इंजिन चालू ठेवलं, आणि आम्ही पुन्हा जागा बदलल्या. तिनं आरशात पाहून घाम पुसला, केस नीट केले. हँडब्रेक सोडला. गाडी आपल्या वजनानं उतरू लागली. चाक तिच्या हातात, ब्रेकवर उजवा पाय, जो अजून तिचं ऐकत होता. क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, ती ऐटीत उतरत गेली, फाटकासमोर बरोबर थांबली आणि तिनं दोनदा हॉर्न दिला. जिवाचा आटापिटा करून आणलेला तो सगळा क्लच त्या क्षणी नसता तरी चाललं असतं.

आई फाटकाशीच उभी होती. वयानं वाकली आहे, पण नजर लख्ख. आजवर ती त्या गाडीत कधी बसली नव्हती. "पाटावर बसून गावभर फिरायची हौस नाही मला," असं म्हणायची. त्या दिवशी तिच्या पायात बाहेरच्या चपला होत्या आणि अंगावर शाल.

"आलीस बाळ? उतरू नको," ती म्हणाली. "जावईबापू, तुम्ही उतरा जरा. आज मला बसायचंय. तळ्यापर्यंत ने मला, एक चक्कर."

बायकोचे हात चाकावर होते तसेच राहिले. मी काहीतरी बोलायला गेलो, पेट्रोल कमी आहे, ऊन आहे, असलं काहीतरी. आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती लेकीकडे बघत होती आणि वाट बघत होती.

"आई," बायको म्हणाली, "मला आता नाही जमत."

"हं," आई म्हणाली. "घरात चल."

मी बायकोला आधार देऊन आत नेलं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती माझ्यावर पूर्ण भार टाकून चालली. ती इतकी टेकून चालू शकते हे मलाही त्या दिवशी कळलं. घरी माझ्यासमोरही ती पाय लपवूनच चालत होती तर. आईनं शाल काढून घडी केली, खुंटीवर ठेवली.

"उन्हाळ्यातच पाहिलं होतं मी," ती म्हणाली. "दाराला धरून उतरायचीस. म्हटलं, सांगेल. नाही सांगितलंस. मग म्हटलं, बसायला मागते, म्हणजे सांगावं तरी लागेल." इतकी वर्षं त्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तिनं विचारलं नव्हतं.

ती आत गेली आणि तूप आणि काशाची वाटी घेऊन आली. जमिनीवर बसली, लेकीचा डावा पाय मांडीवर ओढून घेतला, तळव्याला तूप लावलं आणि वाटीनं घासायला लागली. लहान मुलांना ताप आला, डोळ्यांची आग झाली की घासतात तसं. वाटीखालचं तूप हळूहळू काळं होत होतं. तो पाय तिच्या मांडीवर जसा ठेवला तसा पडून होता.

"दुखतं का गो?"

"नाही आई. दुखत नाही."

बराच वेळ ती घासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "जावईबापू, तुम्ही यंत्रांतली माणसं. तुम्हाला कळतं सगळं. बरा होईल ना हो पाय?"

मी नोकरीत हजारो वस्तूंना नाही म्हटलं असेन. एक नजर टाकायचो आणि बाजूला काढायचो, कुणाला काय वाटेल याचा विचारही मनात येत नसे. त्या म्हातारीला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. हो म्हणायलाही उचलेना. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो आणि रडलो, सासूसमोर, मोठ्यानं.

उत्तर बायकोनं दिलं. "नाही होणार, आई. दुसराही जाईल असाच."

वाटी थांबली. आईनं तो पाय अलगद खाली ठेवला आणि बोटांवर नवं तूप घेतलं.

"मग तोही दे इकडे," ती म्हणाली.

बायकोनं उजवा पाय पुढे केला.